क्लॅरोनेट सुरू होईना

रऊफ मास्तर क्लॅरोनेट वाजवायला लागले की नवरदेवाची घोडीसुद्धा ठेक्यात पाय टाकते, असं अंजनगाव सुर्जीत लोक म्हणत. त्यातलं निम्मं कौतुक म्हणून सोडून दिलं तरी मास्तरांच्या बँडला दर्यापूर, अकोट, परतवाड्यापर्यंत मागणी होती एवढं खरं. उन्हाळ्यात लग्नं आणि हिवाळ्यात जिनिंगमध्ये कापसाचं काम, यात त्यांचं आयुष्य गेलं. रुई नाकातोंडात जाऊन जाऊन छाती कधी भरली ते त्यांना कळलंच नाही. अकोल्याच्या छातीच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून पाहिला आणि आता फुंकायचं काम बंद म्हणून सांगितलं, तेव्हा मास्तरांनी इतकंच विचारलं, की बोलायला तरी चालेल ना.

त्यांची धाकटी मुलगी मिस्बाह त्या दिवशी सोबत होती. अमरावतीहून कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून ती गावातल्याच एका क्लासमध्ये पोरापोरींना टायपिंग शिकवत होती. सकाळी क्लास, दुपारी क्लास, संध्याकाळी घरी येऊन आईला हातभार. थकून जायची. पण परतीच्या एस.टी.त अब्बांनी खिडकीला डोकं टेकवून डोळे मिटले तेव्हा तिच्या मनात एक गोष्ट आली आणि ती पुढे कित्येक महिने गेली नाही.

इंटरनेटवर फुकट मिळणारं एक सॉफ्टवेअर तिनं क्लासमध्ये उतरवून घेतलं होतं. त्यात प्रोग्राम लिहायचा नसतो, मांडायचा असतो. कोऱ्या पानावर छोटे छोटे चौकोन ठेवायचे. एक चौकोन सूर देतो, दुसरा त्याला लहानमोठा करतो, तिसरा तो स्पीकरकडे सोडतो. चौकोनाचौकोनांमध्ये रेघा ओढल्या की झाली जोडणी. घरातलं लाईट फिटिंग करणाऱ्यालाही समजावं इतकं सरळ. मिस्बाहनं ठरवलं, अब्बांच्या क्लॅरोनेटचा एकेक सूर माइकवर उतरवून घ्यायचा आणि पेटीसारख्या पट्ट्या असलेल्या लहान कीबोर्डला जोडायचा. पट्टी दाबली की अब्बांचाच सूर निघेल. बोटं त्यांची, आवाज त्यांचा; फक्त दम लागायचा नाही.

डॉक्टरांनी मनाई केली होती म्हणून ती आधी हे बोललीच नाही. बोलली तेव्हा मास्तर म्हणाले, उरलेला दम तसाही खोकण्यात चालला आहे, त्यापेक्षा यात जाऊ दे. त्या हिवाळ्यात दुपारी ते एक सूर लांबवून देत, मग बाजेवर पडून राहत. मिस्बाहची आई हाजराबी दारात उभी राहून दोघांनाही बोलायची. एका बऱ्या दिवशी मास्तरांनी कोणाला न सांगता वरातीची एक अख्खी धून वाजवून टाकली. मिस्बाहनं ती तशीच उतरवून ठेवली. पुढे काही दिवस मास्तर अंथरुणातून उठले नाहीत.

वाजवायचं कुठे, हा प्रश्न होताच. पावसानं लागोपाठ दगा दिला होता, सोयाबीन पिवळं पडून गेलं होतं, आणि लग्नं व्हायची ती सामुदायिक विवाहाच्या मोठ्या मांडवात, ओळीनं बसवलेल्या जोडप्यांची. ज्यांच्याकडे घरचं लग्न व्हायचं त्यांच्या पोरांना डीजे हवा असे. बँडातली माणसं कोणी पुण्याकडे, कोणी सुरतेकडे गेली. ढोल वाजवणारे देवराव तेवढे राहिले, कारण त्यांना दुसरं काही येत नव्हतं आणि शिकायचंही नव्हतं.

अशात नत्थुजी घरी आले. दर्यापूरकडच्या एका गावचे हे शेतकरी. त्यांच्या स्वतःच्या लग्नात मास्तरांनीच वाजवलं होतं. त्यांचा धाकटा भाऊ गेल्या पोळ्यानंतर गेला. कसा गेला, हे त्या वर्षांत कोणी कोणाला विचारत नसे. त्या भावाची मुलगी साधना, तिचं लग्न नत्थुजींनी जमवलं होतं. चहाचा कप त्यांनी तसाच खाली ठेवला.

मग म्हणाले, "गाजावाजा नाई करायचा आमाले. डीजे तं नाईच. पण मास्तर, पोरगी घरातून मुकी नाई निघाली पाहिजे. पाठवणीले तुमी वाजवजा."

मास्तरांनी त्यांना छातीचं सांगितलं. नत्थुजींनी ऐकून घेतलं आणि तरी उठले नाहीत. तेव्हा मिस्बाहनं आतल्या खोलीतून कीबोर्ड आणला, लॅपटॉप उघडला आणि मास्तरांनी दोन ओळी वाजवून दाखवल्या. नत्थुजींनी मान हलवली आणि तारीख सांगून गेले.

लग्न ऐन वैशाखात होतं. मिस्बाहनं क्लासला सुट्टी टाकली. भोंगे आणि बॅटरी बसवलेली बँडची हातगाडी टेम्पोत चढवून देवराव पुढे गेले, बापलेक मागून काळीपिवळीत गेले. मास्तरांनी बँडचा जुना लाल कोट घातला होता. तो आता त्यांच्या खांद्यांवरून उतरत होता. गावात पोचले तेव्हा दहाच वाजले असतील, पण ऊन डोक्यावर आलं होतं. मारुतीच्या पारापासून मांडवापर्यंत वरात वाजत न्यायची, मग लग्न, जेवणं आणि सायंकाळच्या आत पाठवणी, असा बेत होता.

वऱ्हाड अकोल्याकडून आलं. नवरदेव गाडीतून उतरला. मास्तरांनी कीबोर्ड पट्ट्यानं गळ्यात अडकवला, बँडच्या गाडीवरच्या लॅपटॉपपुढे उभ्या असलेल्या मिस्बाहकडे पाहिलं आणि पट्टी दाबली. काही वाजलं नाही.

मिस्बाहनं आवाज चालू करण्याच्या चौकोनात खूण केली. खालच्या खिडकीत लाल अक्षरांत ओळ उमटली, की आवाजाचं यंत्र उघडता आलं नाही. तिनं खूण काढली, पुन्हा केली. पुन्हा तीच ओळ. ती सॉफ्टवेअर बंद करून परत सुरू करू लागली. देवरावांनी वेळ भरून काढायला ढोलावर ठेका धरला. ठेका बराच वेळ एकटाच चालला, तशी माणसं माना वळवून पाहू लागली.

तिनं वायर काढून लावली. भोंग्याची बॅटरी पाहिली. दोष कुठला ते कळावं म्हणून साध्या प्लेअरवर एक सिनेमाचं गाणं लावलं, तर ते भोंग्यातून ठणठणीत वाजलं. म्हणजे भोंगा बरा, वायर बरी, लॅपटॉपही बरा. अडलं होतं ते तिच्या चौकोनांच्या पानातच. गाणं ऐकून पोरांनी शिट्ट्या मारल्या. तिनं ते घाईनं बंद केलं. आता प्लेअरनंही यंत्र अडवून धरलेलं नको, म्हणून तोही बंद करून पुन्हा प्रयत्न केला. लाल ओळ हटली नाही. घामानं तिची बोटं टचपॅडवरून घसरत होती आणि उन्हात पडद्यावरचं धड दिसत नव्हतं.

देवराव ठेका न सोडता तिच्या कानाशी वाकले. "ही मशीन कावून आणली बाप्पा? आपण नुसतं ढोलावर नेलं असतं."

मिस्बाह पुन्हा पडद्यावर वाकली.

नत्थुजींचा मुलगा पियुष पाहुण्यांची व्यवस्था पाहत होता. तो गर्दीतून पुढे आला. चिडलेला नव्हता, फक्त घाईत होता. त्यानं विचारलं की गाणं वाजतं तर मास्तरांचं रेकॉर्डिंग काही आहे का. मिस्बाह ‘आहे’ म्हणून बसली, कारण ती अख्खी धून त्याच लॅपटॉपमध्ये होती.

"मंग थेच लावा ना," पियुष म्हणाला. "मास्तर नुसते बोटं हालवतीन. कोनाले समजते?"

मिस्बाहनं अब्बांकडे पाहिलं. ते नाही म्हणतील असं तिला वाटलं होतं, तिला ते हवंही होतं. मास्तर वऱ्हाडाकडे पाहत होते. उन्हात उभ्या बाया, कडेवरची लेकरं, घामानं डबडबलेला नवरदेव. "लावून दे बेटा," ते म्हणाले.

धून सुरू झाली. हिवाळ्यातल्या त्या बऱ्या दिवसाची धून. देवरावांनी पहिल्याच आवर्तनात ठेका जुळवला आणि वरात हलली. मास्तर गाडीपुढे चालू लागले. त्यांची बोटं मुक्या पट्ट्यांवर नेमकी जिथे पडायला हवीत तिथेच पडत होती, एकही चुकत नव्हतं. मिस्बाह गाडीमागून चालत होती, तिला ते बघवत नव्हतं आणि नजर हटवताही येत नव्हती. पोरं नाचली. मांडवाच्या दारात एका म्हाताऱ्या सोयऱ्यानं मास्तरांचा हात हातात घेतला आणि कौतुक केलं. मास्तरांनी मान लववली.

लग्न लागलं. अक्षता पडल्या तेव्हा मिस्बाह अंगणवाडीच्या खोलीत होती. पियुषनं ती उघडून दिली होती, तिथे सावली होती आणि प्लगमध्ये लाईट होती. भिंतीवर फळांची आणि प्राण्यांची चित्रं होती. तिनं लहान मुलांच्या बुटक्या टेबलावर लॅपटॉप ठेवला आणि खाली सतरंजीवर बसली. छोटा भोंगा सोबत आणला होता. मोबाइलवर कोणाला विचारावं म्हटलं तर नेट नुसतं फिरत होतं.

तिनं एकेक करून सगळं पाहिलं. आवाज कुठल्या यंत्रातून बाहेर सोडायचा त्याची यादी उघडली, तिथे बरोबर नाव होतं. दुसरं निवडून पाहिलं, परत पहिलं निवडलं. आवाजाचा वेग किती ठेवायचा तो आकडा घरच्यापेक्षा वेगळा तर झाला नाही, ते पाहिलं. बदलला, पुन्हा होता तसा केला. लॅपटॉप बंद करून सुरू केला. दर वेळी सॉफ्टवेअर उघडताना जुनीच सेटिंग घेऊन उघडे आणि दर वेळी तीच लाल ओळ. शेवटी तिनं ते मोठं पान बाजूला ठेवून एक नवं कोरं पान घेतलं, त्यावर फक्त एक सुराचा चौकोन आणि एक बाहेर सोडायचा चौकोन ठेवला, मध्ये रेघ ओढली. इतकं साधं करूनही आवाज आला नाही. म्हणजे तिच्या मांडणीत चूक नव्हती. हे कळून बरं वाटायला हवं होतं, पण तेवढंही बळ तिच्यात उरलं नव्हतं. तिनं कपाळ टेबलाच्या कडेला टेकवलं.

दार लोटून मास्तर आत आले. कोट काढून हातावर घेतला होता. भिंतीला टेकून तेही खाली बसले आणि दम जागेवर येऊ दिला. घरात त्यांची बोली उर्दू, पण बँडच्या कामात उभं आयुष्य गेल्यानं कामाचं बोलणं ते मुलीशीही वऱ्हाडीतच करत.

"जेवले का अब्बा?"

"भूक नाई लागली." थोड्या वेळानं ते म्हणाले, "थ्या सोयऱ्यानं सांगतलं, मास्तर, हात अजून थोच हाय. मी मान हालवली."

मिस्बाहनं पाण्याची बाटली त्यांच्याकडे सरकवली.

"बेसूर वाजवलं असन मी कईक वेळा," मास्तर म्हणाले. "खोटं नवतं वाजवलं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर तिला सोपं गेलं असतं. ती म्हणाली की आपण हे सगळं गुंडाळून घरी जाऊ, पाठवणीला देवराव काका ढोल वाजवतील, मी नत्थुजी काकांची माफी मागते.

"थकली काय?"

"हो."

"मीबी थकलो." मास्तरांनी पाय पसरले. "पन पाठवणीले वेळ हाय अजून. एक खेप पाह्य. नाई झालं तं ढोल हायच."

ते तिथेच आडवे झाले. मिस्बाह त्यांच्या छातीची घरघर ऐकत बसली. मग तिनं पुन्हा ती खिडकी उघडली. आतापर्यंत ती आवाज बाहेर कुठून जातो तेवढंच पाहत होती, कारण अडलं होतं ते तिथेच. या वेळी घाई नव्हती, म्हणून ती वरच्या ओळीपासून वाचत आली. वर आवाज आत घेण्याची जागा होती आणि तिथे माइकचं नाव होतं. तोच माइक, ज्याच्यावर हिवाळाभर तिनं अब्बांचे सूर उतरवले होते. तो निघताना तिनं काढून घरी, आईच्या जुन्या ओढणीत गुंडाळून पेटीत ठेवला होता.

घरी माइक कायम लावलेलाच असे, म्हणून आजवर कधी अडलं नव्हतं. सॉफ्टवेअर सुरू होताना आत घेणं आणि बाहेर सोडणं दोन्ही एकदमच उघडायला जात होतं. माइक सापडत नव्हता, म्हणून त्यानं भोंग्याचंही दार लावून घेतलं होतं. क्लॅरोनेट वाजवायला माइकची गरजच नव्हती. मिस्बाहनं माइकपुढची खूण काढली. कोऱ्या पानावरचा तो एकटा सूर भोंग्यातून सरळ, कर्कश निघाला आणि मास्तर दचकून उठून बसले.

तिनं सूर बंद केला. सेटिंग जपून ठेवली, सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडलं, पुन्हा बंद केलं आणि पुन्हा उघडलं. लाल ओळ आली नाही. मोठं पान उघडून कीबोर्ड अब्बांच्या मांडीवर दिला. त्यांनी एक पट्टी दाबून धरली. क्लॅरोनेट वाजली. दोघांपैकी कोणालाही हसू आलं नाही. मास्तर म्हणाले, चल, आता मी जेवतो.

ऊन कललं तेव्हा पाठवणीची तयारी झाली. बायांनी साधनाला घराच्या उंबऱ्यापर्यंत आणलं. तिची आई मागे भिंतीला धरून उभी होती. मास्तरांनी कोटाची बटनं लावली आणि सुरुवात केली.

पहिल्याच ओळीत त्यांची चूक झाली. दोन पट्ट्या एकदम दाबल्या गेल्या आणि सूर फाटला. ते थांबले, ओळ पुन्हा घेतली. सकाळची वरातीची धून घरी घोटलेली होती; या धुनेत मात्र क्लॅरोनेटच्या उभ्या नळीला सरावलेली बोटं आडव्या पट्ट्यांवर अजून चाचपडत होती. लांब सूरही हवा तेवढा लांबत नव्हता. हिवाळ्यात त्यांचा दम जिथे संपला तिथे तो सूर संपे, मग बोट कितीही दाबून ठेवा. मास्तरांनी ते दोनतीनदा अनुभवलं आणि मग धूनच थोडी बदलून घेतली, लांब सुरांच्या जागी लहान लहान मुरक्या घेतल्या. मिस्बाहच्या एक गोष्ट लक्षात आली. प्रत्येक ओळीच्या शेवटी ते बोटं उचलत आणि श्वास घेत. त्याची काही गरज नव्हती. पण ते घेत होते आणि त्यांच्यासोबत धूनही तिथे थबकत होती, पूर्वी थबकायची तशी.

साधना रडत मोटारीपर्यंत गेली. बाया रडल्या. नत्थुजी मोटारीपर्यंत गेले नाहीत. ते येऊन बँडच्या गाडीच्या दांडीला हात लावून उभे राहिले. नवरानवरीची मोटार निघाली, धूळ उडाली, बसली. माणसं मांडवाकडे परतली. मंडपवाला खुर्च्या एकात एक घालू लागला. नत्थुजी रस्त्याकडे तोंड करून तसेच उभे होते, दांडीवरचा हात न काढता. देवरावांनी ढोल थांबवला आणि मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी नुसती मान हलवून ‘नाही’ म्हणून सांगितलं. ते वाजवत राहिले, हळू, त्याच धुनेचं शेवटचं कडवं फिरून फिरून. खूप वेळानं नत्थुजींनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि घराकडे वळले. तेव्हा मास्तर थांबले.

सामान आवरताना नत्थुजींची चुलती चतुराबाई काठी टेकत आली. तिनं मास्तरांना पानसुपारी दिली आणि परखडपणे सांगितलं, "सकाळी बेस वाजवलं होतं मास्तर. आता जरासा हात चुकला."

मास्तर तिच्याकडे पाहतच राहिले. मग त्यांना हसू फुटलं, हसण्याचा खोकला झाला आणि खोकल्यातून पुन्हा हसू. देवरावांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. "हो माय," मास्तर दम सावरून म्हणाले, "चुकला." त्या दिवसात पहिल्यांदाच मिस्बाहलाही हसू आलं.

दर्यापूरहून अंजनगावची जीप भरेपर्यंत अंधारून आलं. देवराव टेम्पोसोबत गेले. जीपमध्ये बापलेक सोयाबीनच्या रिकाम्या पोत्यांवर पाय ठेवून बसले होते. मास्तरांनी एवढंच सांगितलं, की यापुढे निघायच्या आधी माइक काढून, लग्नात असतं तसंच सगळं लावून एकदा वाजवून पाहायचं. मिस्बाह बरं म्हणाली.

पुढच्या दोन उन्हाळ्यांत त्यांनी अशी थोडीफार लग्नं वाजवली. सगळी नातेवाइकांतली नाहीतर जुन्या ओळखीची. मग देवरावांचे गुडघे गेले आणि बँड आपोआपच बंद पडला. बंद केला असं कोणी म्हटलं नाही. मिस्बाहला अकोल्यात एका कानाच्या दवाखान्यात नोकरी लागली, डॉक्टरांच्या हाताखाली बहिऱ्या मुलांच्या श्रवणतपासणीचा कॉम्प्युटर सांभाळायची. ती आठवड्याला घरी येते. मास्तर दुपारी कीबोर्ड मांडीवर घेऊन बसतात, आणि ती आली की सूर लवकर संपतात म्हणून तक्रार करतात. सूर लांबवायची युक्ती त्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. मधला तुकडा फिरवत ठेवला की सूर हवा तितका चालतो. मिस्बाहनं तसं एकदा करून दाखवलं. मास्तरांनी थोडा वेळ वाजवून पाहिलं आणि पूर्वीसारखंच करून दे म्हणाले. तक्रार मात्र सोडली नाही.